बेटावर कोण होतं?

अहो, तुम्हाला जाऊन अकरा आठवडे झाले आणि तुमच्या नावानं बेटावरून पत्र आलं.

तेच जाड पिवळट पाकीट, तेच उभट टोकदार अक्षर. दर वर्षी मे महिन्यात ते यायचं आणि दर वर्षी माझ्या आधी तुम्ही ते मेलबॉक्समधून काढायचात. एरवी टपाल आणायचं म्हटलं की तुमचे पाय दुखायचे. जाहिराती आणि कॅटलॉग आठ-आठ दिवस कुजत पडले तरी तुम्हाला पत्ता नसायचा. पण मे उजाडला की ऑफिसातून येता येता तुमची गाडी बरोब्बर पेटीपाशी थांबायची. मला काय दिसत नव्हतं? सहा वर्षं मी ते पाकीट तुमच्या कोटाच्या खिशात जाताना पाहिलं. गप्प बसले असं मात्र म्हणवणार नाही. गप्प बसणं आमच्या माहेरच्या रक्तात नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरायचात.

या वर्षीचं पाकीट मी फोडलं. किचनच्या सिंकपाशी, उभ्या उभ्या, बोटानं.

‘प्रिय मनो’ अशी सुरुवात होती. मनो. पंधरा वर्षांच्या संसारात मी तुम्हाला एकदाही नावानं हाक मारली नाही, ‘अहो’वर भागवलं, आणि मेन राज्याच्या किनाऱ्यापलीकडच्या कुठल्याशा खडकावर बसून कुणीतरी तुम्हाला मनो म्हणत होतं. पुढं लिहिलं होतं की हिवाळ्यात वरच्या वाडग्याची, म्हणजे दगडांनी वेढलेल्या शेताची, उत्तरेकडची भिंत बसली, तू येईपर्यंत तिला कुणाला हात लावू देणार नाही, बोट नेहमीच्याच वारी, तुझी खोली झाडून ठेवते. खाली सही, रूथ.

रूथ म्हणजे बाई. तुझी खोली म्हणजे तुझी खोली. मी तिथंच स्टुलावर बसले आणि तुमच्या फोटोकडं बघून म्हटलं, मी म्हणत नव्हते?

पहिल्यांदा तुम्ही गेलात ते मासे धरायला. ऑफिसातल्या कुणा बॉबनं आग्रह केला, चार दिवसांत येतो म्हणालात आणि अकराव्या दिवशी उगवलात. मासा एकही नाही. दोन्ही हात सोललेले, अंगठ्याचं नख काळंनिळं आणि तोंडावर मात्र असा आनंद की मी पोळी लाटता लाटता थांबले. ‘काय केलंत एवढे दिवस?’ तर म्हणे, ‘दगड रचले.’ माझ्या मनात पाल चुकचुकली ती त्या क्षणी.

आता तुम्हीच सांगा, कुणी विश्वास ठेवला असता? पुलांचे नकाशे काढणारा इंजिनिअर, शर्टाची कॉलर कडक नसेल तर सकाळ नासणारा माणूस, बागेत गवत कापायचं तर शेजारच्या पोराला हाक मारणारा. तो उन्हाळ्याची सगळी सुट्टी घालवून परक्या बाईच्या शेतात धोंडे उचलणार! तेही एकदा नाही, दर वर्षी. आणि आम्ही येतो म्हटलं की तुमचं ठरलेलं, ‘तिथं काही नाही गं बघण्यासारखं. संडाससुद्धा बाहेर आहे.’ ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हेच.

एकदाच तुम्ही सगळं सांगायला बसलात. आपल्या रोहिणीचा शाळेचा काहीतरी प्रोजेक्ट होता म्हणून. बेट एवढंसं, चालत फिरलं तर अर्ध्या दिवसात संपेल. दीडदोनशे वर्षांपूर्वी चारदोन कोळी कुटुंबं तिथं राहिली. माती नव्हतीच, नुसता खडक. त्यांनी समुद्रातलं शेवाळ आणि कुजके मासे टोपल्यांनी वर वाहून नेले, वर्षानुवर्षं टाकले, तेव्हा कुठं बटाटा आणि सलगम रुजले. आणि त्याभोवती छातीएवढ्या उंच दगडी भिंती. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आपल्याकडं पौळ म्हणतात तशी, कोकणात गडगा म्हणतात तसा. अशी सतरा वाडगी त्या बेटावर आहेत म्हणालात. मी म्हटलं, ‘म्हणजे मेंढ्यांचा कोंडवाडा.’ तर तुम्ही उत्साहानं ताटावरून उठलात. ‘नाही नाही, उलटं आहे. मेंढ्या बेटभर मोकळ्या. आत कोंडलंय ते पीक. मेंढी बाहेर, वारा बाहेर.’ मग मिठाची बाटली आणि लोणच्याची बरणी घेऊन तुम्ही दाखवलंत की पौळ कशी दोन पदरी असते, मधे बारीक चिपांची भर असते, सांध्यावर सांधा कसा येऊ द्यायचा नाही, आणि फटी ठेवल्या म्हणूनच ती वादळात कशी उभी राहते. सिमेंटची भिंत असती तर वाऱ्यानं कधीच आडवी झाली असती म्हणालात. रोहिणीला ‘ए’ मिळाला. मी मनात म्हटलं, एवढा बारीक तपशील खोटं बोलणारा माणूसच देतो.

तुमचे खिसे मी तपासले. शर्ट हुंगले, हेही कबूल करते. मेंढीच्या लोकरीचा आणि खारट ओलीचा वास यायचा. सेंटचा कधी आला नाही. त्यानं माझा संशय कमी झाला नाही. म्हटलं, हुशार बाई दिसतेय.

फेब्रुवारीतलं आपलं भांडण तुम्ही अर्धंच टाकून गेलात. माझ्या भावाच्या मुलाचं लग्न जुलैत सातारला, माझ्या वडिलांचा, अण्णांचा, फोनवर फोन, आणि तुम्ही म्हणता जुलैत जमणार नाही, वरचं वाडगं अर्धं राहिलंय. मी म्हटलं, ‘एकदाच काय ते सांगून टाका. बेटावर कोण आहे?’

‘दगड आहेत.’

‘दगड पत्रं लिहीत नाहीत.’

तुम्ही हसलात. मग म्हणालात, ‘सांगीन. तिथं नेऊनच सांगीन एकदा.’ मी भांडी आपटली. बारा दिवस आपण धड बोललो नाही. तेराव्या दिवशी प्रिन्स्टन जंक्शनच्या पार्किंग लॉटमध्ये, तुम्ही ट्रेनमधून उतरून गाडीत बसलेले, किल्ली लावलेली, हीटर चालू, आणि तुम्ही नाही. एका कंडक्टरनं काचेवर टकटक केली म्हणे. मला हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासत होते.

नवरा गेला तर बाईनं नुसतं रडावं. मला तेवढंही धड जमलं नाही. रडता रडता मी तुमची उलटतपासणी करत होते. समाचाराला आलेल्या प्रत्येक गोऱ्या बाईकडं मी नीट निरखून पाहिलं. तुमच्या ऑफिसातली ती उंच रिसेप्शनिस्ट जरा जास्त हुंदके देत होती, तर मी तिला विचारलं, ‘तुम्ही कधी मेनला गेला होता का?’ बिचारी फ्लोरिडाची निघाली.

तर पत्र आलं आणि मी ठरवलं, जायचं. कळवायचं नाही. आधी कळवून गेलं तर माणसं आवरून ठेवतात. रोहिणी म्हणाली, ‘मॉम, धिस इज सो वीअर्ड. आय ॲम नॉट स्पाइंग ऑन डॅड.’ म्हटलं, ‘स्पाइंग नाही, निरोप द्यायला चाललोय.’ ‘देन कॉल हर,’ म्हणाली. चौदा वर्षांची पोर, पण कायदा बापाचा. तरी आली. दोन दिवस स्टेशन वॅगन चालवली, मग दोन तास बोट. नावाडी आमच्याकडं टक लावून बघत होता. शेवटी म्हणाला, ‘तुम्ही मनोच्या घरच्या का?’ म्हणजे त्यालाही माहीत. माझ्याखेरीज सगळ्या राज्याला माहीत.

धक्क्यावर एक म्हातारी उभी होती. तीच रूथ. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हे नंतर कळलं. पुरुषी बूट, जाड भिंगांचा चष्मा, एका कानानं कमी ऐकणारी, वरचे दोन दात नाहीत. तिनं बोटीत वाकून तुम्हाला शोधलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या कपाळाकडं, माझ्या साडीकडं. ‘तुम्हाला तर बोट लागते,’ म्हणाली. ‘तो म्हणायचा, बायकोला बोट सहन होत नाही म्हणून आणत नाही.’

मला बोट लागत नाही. मला कधीच काही लागत नाही. हे खोटं तुम्ही सहा वर्षं सांगितलंत, आणि ते ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? म्हातारीला सून असेल. नाहीतर लेक.

मी तिला सांगितलं की तुम्ही गेलात. ती तिथल्याच एका धोंड्यावर बसली. रडली नाही, गळ्यात पडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मग वरची भिंत तशीच राहील.’ माझा राग कुठंतरी अडखळला, पण गेला नाही.

घर मी सगळं बघून घेतलं. सून नाही, लेक नाही. नवरा आणि दोन मुलगे, तिघांचेही फोटो भिंतीवर, तिघेही समुद्रात बुडून गेलेले. तुमची खोली म्हणजे लोकर ठेवायच्या कोठारावरचा माळा. एक खाट, एक घोंगडी, कोपऱ्यात पहार आणि घण. खिळ्याला एक छोटी सुतकी, पाथरवटाची हातोडी, टांगलेली, तिचा दांडा हातानं तासलेला. उशीखाली हात घालून पाहिलं. काही नव्हतं. रोहिणी दारात उभी राहून मला बघत होती आणि मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रूथ आम्हाला वर घेऊन गेली. धुकं होतं. एकामागून एक वाडगी त्या धुक्यातून पुढं येत होती. आत हिरवंगार, बाहेर खुरटं गवत आणि मेंढ्या. तुम्ही कोणती बांधलीत ते तिनं सांगायच्या आधी मी ओळखलं. का ते सांगता येत नाही. पोळ्यांची चळत बघून ती कुणी केली ते कळतं, तसं. मग आली ती उत्तरेकडची पौळ, पाय सरकून पोटातून फुटलेली. खालचे दगड आधी बाहेर काढायला हवे होते. दोन कोळी मदतीला आले होते. त्यांनी पहार लावली. भलामोठा धोंडा, जागचा हलेना.

तेव्हा रूथ ओरडली. एक लांब हाक, मग दोन तोकडे शब्द, परत लांब हाक. आणि ते दोन गोरे कोळी तिच्यामागून तेच म्हणाले आणि त्या ठेक्यावर एकदम जोर लावला. धोंडा हलला.

इंग्रजी नव्हतं ते. मराठीही नव्हतं.

‘हे काय म्हणालात?’ मी विचारलं.

‘मनोचं आहे. जड दगडाला म्हणायचं असतं, म्हणजे सगळ्यांचं बळ एकदम लागतं. त्याच्या आईची भाषा.’

‘त्याच्या आईची भाषा मराठी. ही मराठी नाही.’

‘मग तुम्हाला जास्त माहीत असेल,’ रूथ म्हणाली. ‘तो म्हणायचा, घरात ही बोलायचे आणि बाहेर तुमची.’

ती सांगत गेली, सरळ, जणू हवापाण्याबद्दल. मनोचे आई-बाप दगड फोडायचे. रस्त्यासाठी, विहिरीसाठी, धरणासाठी. गाढवांवर संसार घालून काम निघेल तिथं जायचे. सहाव्या वर्षी त्याला भर घालायला बसवलं, आठव्या वर्षी त्यानं एका बागायतदाराच्या विहिरीची पौळ बापाबरोबर चढवली. दगडाला सुतकीनं हळूच वाजवायचं आणि ऐकायचं, भद्द वाजला तर आतून तडकलेला, ठेवून द्यायचा. भुवईवरची खूण बापाच्या घणाखालून उडालेल्या कपचीची. मला तुम्ही सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं होतं. पहिल्या वर्षी तुम्ही नुसते फिरायला आला होता. तिचा गडी भिंत रचत होता, सांध्यावर सांधा, आणि तुम्हाला ते बघवेना. तुम्ही कोट काढून गवतावर ठेवलात आणि त्याला बाजूला सारलंत.

‘कुठं शिकलास विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं,’ रूथ म्हणाली. ‘इथं प्रत्येकाचा आजा दगडच उचलत होता. आम्ही त्याला टोपी काढून मान दिला.’ मग तिनं भिंगांतून माझ्याकडं पाहिलं. ‘तुम्हाला हे सांगितलं नव्हतं त्यानं?’

‘सांगितलं होतं की,’ मी म्हटलं.

अहो, सहा वर्षं तुमचं खोटं पकडायला टपलेली मी, आणि त्या बेटावर खोटं बोलले ती मी. पण त्या म्हातारीसमोर मला कसं सांगवेल की माझा नवरा वडार होता आणि हे मला आत्ता कळतंय, एका अमेरिकन मेंढपाळ बाईकडून?

रोहिणीचे डोळे केवढे झाले होते. ‘डॅड वॉज अ स्टोनमेसन? ॲज अ किड? मॉम, दॅट्स सो कूल. हाऊ कम ही नेव्हर टोल्ड मी?’ तिनं लगेच एक दगड उचलला, रूथला दाखवला, रूथनं मान हलवली, दुसरा उचलला. तासाभरात ती गुडघ्यांवर बसून चिपा मारत होती, तुमच्यासारखी जीभ बाहेर काढून. तिला त्या गोष्टीत जातीचा कसलाही वास आला नाही. येणार कुठून, तिला आपण दिलाच नाही.

मी पलीकडच्या वाडग्यात जाऊन बसले. आत वारा लागत नव्हता. तिथं बसून मी तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की मेंढ्या भिंतीवरून बघायला लागल्या. लबाड माणसा. त्या बाईला पहिल्या दिवशी सांगता येतं, आणि माझ्याशेजारी पंधरा वर्षं झोपून नाही?

पण खोटं तुम्ही तरी केवढं बोललात? ते आठवून बघत होते. फिलाडेल्फियात आपण कोर्टात लग्न केलं, मग घरी कळवलं. मला वाटलं आता अण्णा तोंड बघणार नाहीत. त्यांचं पत्र आलं, दोन ओळींचं. ‘जाधव म्हणजे आपल्यातलेच. आशीर्वाद.’ आडनाव वाचून त्यांनी पुढचं विचारलंच नाही. तुम्ही कुठल्या जाधवांपैकी तेही त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं आणि भावकीत सांगूनही मोकळे झाले. आई-वडील लहानपणी वारले, बोर्डिंगात वाढलो, वडील दगडकामाचे कॉन्ट्रॅक्टर. एवढंच तुम्ही म्हणाला होतात. शेवटचा एक शब्द सोडला तर सगळं खरं. सासू नाही, सासरा नाही, नणंद नाही. मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटलं. आत कोण आहे हे मी कधी विचारलं नाही. माझा सगळा संशय बाहेर कुठं जाता यावर.

आणि आपल्या इथल्या मराठी मंडळाचा तो गणपती आठवला. तुम्ही म्हणाल, आता कशाला. पण मला बोलू द्या. शाळेच्या जिममध्ये कार्यक्रम, आम्हा बायकांचं प्रहसन, आणि त्यात वडारणीचं काम मी केलं होतं. डोक्यावर पाटी, कमरेला साडी खोचलेली, तोंडात मशेरी लावल्यासारखं करून हेल काढून बोलायचं. हॉल हसून हसून लोळत होता. मी स्टेजवरून पाहिलं, तुमची खुर्ची रिकामी. तुम्ही बाहेरच्या पे-फोनपाशी उभे होता. घरी येताना मी गाडीत म्हटलं, ‘कुणाला फोन करत होता?’ तुम्ही म्हणालात, ‘कुणाला नाही.’ मी रात्रभर तुम्हाला तेच विचारत राहिले. माझ्या कामाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तो कप तुम्ही दर गणपतीला स्वतः पुसून ठेवायचात.

एक गोष्ट अजून सांगितली नाही. ती रोहिणीच्या जन्माआधीची. मी सात महिन्यांची होते, तुम्ही माझ्या पायाला तेल लावत होता, तुमच्या त्या खरखरीत तळव्यांनी. तुम्ही विचारलंत, ‘समज, मी तुला वाटतो तसा नसलोच, तर काय करशील?’ मी म्हटलं, ‘पोराला घेऊन चालती होईन.’ मला वाटलं तुम्ही बाहेरख्यालीपणाबद्दल बोलताय. मी हसत म्हटलं होतं, तुम्हीही हसलात. परत कधी विचारलं नाहीत. संशयी म्हणून नाव माझं झालं, पण घरात खरा संशय धरून बसलेला माणूस तुम्ही होता. रोज सकाळी उठून, चहा करून, मी अजून गेले नाही ना ते बघणारा.

त्या वाडग्यात बसून मी स्वतःला विचारलं, सांगितलं असतं तर गेले असते का? आत्ताची मी नाही म्हणते. आत्ताच्या मीला काय लागतं म्हणायला, तुम्ही गेलेले. तेव्हाची बावीस वर्षांची मी, अण्णांची लाडकी, घराण्याचा ताठा घेऊन आलेली. तिच्याबद्दल मला शपथ घेता येत नाही. तुम्ही मला माझ्यापेक्षा बरं ओळखत होता, एवढंच म्हणते, आणि त्याचाही राग येतो.

चार दिवस राहिलो. पौळ छातीएवढी झाली. मी नुसती दगड वाहत होते, पण शेवटच्या दिवशी रूथनं मला दोन थर लावू दिले. तुम्ही चांगलं शिकवलंय तिला. सांध्यावर सांधा आला की अजूनही बोटांवर फटका मारते.

घरी आलो त्या रविवारी सकाळी अण्णांचा ट्रंक कॉल. त्यांचा आवाज आता थकलाय. ‘शालन, भावकीचं वंशावळीचं पुस्तक छापायला चाललंय. जावयांचं नाव मानानं घालायचंय. कूळ, देवक, मूळ गाव, तेवढं सांग. आम्ही कधी विचारलंच नाही बघ.’

रोहिणी टेबलापाशी बसून सीरियल खात होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, ‘अण्णा, विचारून सांगते.’

‘कुणाला विचारणार गं?’ अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, ऐकू येत नाही, लाइन खराब आहे, आणि फोन ठेवला. म्हणजे बघा. एवढं रागावून, एवढं रडून, बेटावर दगड वाहून आले, आणि पहिल्याच प्रश्नाला मी तुमच्यासारखीच वागले. तुमचा संशय चुकीचा नव्हता हो. मीच त्याला पुरावा दिला, आणि तो बघायला तुम्ही नाही. रोहिणी म्हणाली, ‘व्हाय डिडन्ट यू टेल हिम अबाउट द स्टोन्स?’

फोनवर जे तोंडातून निघालं नाही ते लिहून निघतंय का, म्हणून हे लिहायला बसले. मंडळाच्या अंकाचे संपादक तुमच्यावर दोन पानं मागत होते. ‘हसतमुख, मितभाषी जाधवसाहेब’ अशी सुरुवात करा म्हणाले. ती दोन पानं हीच. तुम्ही जन्मभर लपवलंत ते मी छापून देतेय. तुम्हाला चालेल का, हे विचारायची आता सोय नाही, आणि तुम्हाला आवडलं नसेल तर तेही मला ऐकून घ्यायचंय, पण ते कसं ऐकणार. शब्द मात्र एकही बदलू देणार नाही म्हणून सांगितलंय.

हा अंक दर वेळी अण्णांना मीच पोस्टानं पाठवते. चष्मा लावून, पहिल्या पानापासून, जाहिरातींसकट वाचतात. म्हणून आता थोडं त्यांच्याशी बोलते, तुम्ही बाजूला बसा.

अण्णा, वंशावळीत असं लिहा. जावई मनोहर जाधव, वडार. मूळ गाव नाही, काम निघेल तिथं. कूळ आणि देवक मी कधी विचारलं नाही, ती चूक माझी. बायको शालिनी, मुलगी रोहिणी. आणि एवढं छापणं जमणार नसेल, तर आमची दोघींचीही नावं त्यातून काढा.